भिंतीवरचा चीक

पडद्याआडून कुणीतरी गुणगुणलं, आणि उकळत्या भांड्यातून चिमट्याने उचललेली सुई नंदा सिस्टरच्या हातून पुन्हा पाण्यात पडली. झालं ते एवढंच. स्टोव्ह फरफरत होता, श्रीपती डॉक्टर कडूबाच्या पाठीला नळी लावून 'श्वास घ्या, सोडा' करत होते, बाहेर बाकावर कुणीतरी मोसंबी सोलत होतं आणि तिचा वास स्पिरिटच्या वासात मिसळून आत येत होता. "काय सिस्टर, सुई जड झाली का आज?" डॉक्टर मान न वळवता म्हणाले. "माझ्याच नावची व्हती ती," कडूबा म्हणाला, "देवानं वाचवलं." बाकावर हसू पिकलं. नंदानेही ओठ ताणले, पण तिचा कान पडद्यापलीकडेच होता. बाळंतिणींसाठी आणि टाके काढायला येणाऱ्या बायांसाठी डॉक्टरांनी तिथे एक खाट टाकून दिली होती. त्या खाटेजवळ एक म्हातारा आवाज रडून थकलेल्या लेकराला जोजवत होता:

माझ्या अंगणात गं, कोन रांगलं पहाट
मातीवं उमटली पाच बोटांची वाट

'वाट'वर येऊन आवाज एक पायरी खाली उतरला आणि तिथेच बसून राहिला. अशी पायरी उतरणारा आवाज साऱ्या मुलखात एकच होता. ही ओवी दुसऱ्या कुणाच्या तोंडी असणंही शक्य नव्हतं, कारण ती गोजरबाईने स्वतः, जात्याच्या घरघरीत, नंदाच्या डोळ्यांसमोर जुळवली होती. साल ब्याऐंशी, कुंभार पिंपळगाव. तेव्हा नंदा नंदा नव्हती. शाळेच्या दाखल्यावर बेबीनंदा होती, आणि लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीने नवं नाव लिहिलं गेलं तेव्हापासून चांगुणा. जात्याच्या एका बाजूला सासू, दुसऱ्या बाजूला सात महिन्यांची पोटुशी चांगुणा, खुंट्यावर चार हात. गोजरबाई मधेच थांबायची, घास घालायची आणि म्हणायची, "बघ गं, हे कसं वाटतंय? मातीवं उमटली पाच बोटांची वाट." चांगुणाला आई नव्हती. टेंभुर्णीला चुलतीच्या हाताखाली वाढलेली, भाकरी मोजून खाल्लेली पोर ती. आपल्या पोटातल्या जिवासाठी कुणी गाणं रचतंय, याचंच तिला इतकं भरून यायचं की पीठ भिजेल म्हणून ती तोंड फिरवून घ्यायची. त्या बाईवर तिचा जीव होता. हीच गोष्ट पुढे तिला सगळ्यात जास्त जाळत राहिली. परक्यावर उगवलेला सूड सरळ असतो, बाभळीसारखा. माया केलेल्या माणसावरचा सूड वेलीसारखा वाढतो. तो कुठून कुठे गेला ते शोधायला बसलं की आपल्याच गळ्याभोवती सापडतो.

तिने स्टोव्हची चावी पिळली. पांढऱ्या साडीचा पदर खोचला, चष्मा नाकावर नीट बसवला आणि पडदा सारला. खाटेवर तेविशीची एक पोरगी बसली होती, कानाला फडकं बांधलेलं, डोळे रडून सुजलेले, पोलक्याचा पुढचा भाग ताणून दगडासारखा. बाजूला स्टुलावर गोजरबाई. वाळली होती. दंडावरचं गोंदण कातडीबरोबर सुरकुतून मुंग्यांच्या रांगेसारखं झालं होतं. मांडीवर दुपट्यात लालभडक लेकरू, परवा झालेलं. ते आता रडतही नव्हतं. ओठ कोरडे पडलेले, मान एका अंगाला. गोजरबाईने वर पाहिलं आणि परत खाली. ओळखलं नाही, नंदाच्या मनात आलं. ओळखणार कशी? तेव्हाची काडी आता भरून आली होती, केसांत पांढरं आलं होतं, नाव गेलं होतं. आणि ओळखलं नाही हे कळताच तिच्या आत काहीतरी शांतपणे पसरून बसलं, जसं मांजर उंदराच्या बिळापुढे बसतं.

"काय होतंय?"

"लेकरू छातीला लागंना, बाई. लागतं अन् सुटतं. कालपस्नं तसंच करून राह्यलंय."

"माझंच तसं आहे, सिस्टर," पोरगी म्हणाली. "बोंडं आत आहेत. तिच्या तोंडात येतच नाहीत. आता तर छाती नुसती ठणकतीय." तिचं नाव तारा. हा पुंजारामचा संसार. पुंजाराम म्हणजे चांगुणाचा धाकटा दीर. तेव्हा शाळेत जाणारा, आता जालन्याच्या बियाण्याच्या कंपनीत नोकरीला लागून नूतन वसाहतीत दोन खोल्या घेऊन राहिलेला. हे सगळं ताराने न विचारता सांगितलं, कारण घाबरलेलं माणूस बोलतं. आणि शेवटी म्हणाली, "मला आई नाही. म्हणून आत्याबाई गावाकडून आल्या बाळंतपणाला."

हिलाही आई नाही. ही म्हातारी बिनआईच्याच पोरी हुडकून आणते की काय, ज्यांच्यामागे विचारायला कुणी येणार नाही अशा? "काय चाटवलंय हिला?" नंदाने विचारलं. पोरगीच होती, दुपटं बाजूला केल्यावर दिसलं. "मध? गुळाचं पाणी? एरंडेल?"

"काई न्हाई."

"खरं सांगा, आजी. इथं येणारी प्रत्येक म्हातारी काई न्हाई म्हणते."

"बिलकुल काई न्हाई," गोजरबाई म्हणाली, लेकराकडेच बघत.

खोटारडी, नंदाने मनात म्हटलं. तेवढ्यात पडद्याबाहेरून डॉक्टरांचा आवाज आला, "सिस्टर, बाळंतीण तुमच्या खात्यात बरं का. आधी छातीला लावून बघा. अगदीच नाही जमलं तर कपाटात पावडरचा डबा आहे सॅम्पलचा, तो देऊन टाका. उद्या मी बघतो." डॉक्टर तसे भले होते. बाळंतिणींचं त्यांनी तिच्यावर सोडलं होतं, कारण बाया पुरुषापुढे पोलकं सोडत नाहीत, आणि तिच्यापुढे मन सोडतात. गेली किती वर्षं ती हेच करत आली होती: तटलेलं दूध मोकळं करणं, रडणाऱ्या पोरींना पाणी पाजणं, 'दूध येत नाही' म्हणणाऱ्या सासवांना बाहेर बाकावर बसवणं, लसीच्या वेळी लेकरू घट्ट धरायला आईला शिकवणं. बाळंतिणीच्या खोलीत शेगडी पेटवून दारं-खिडक्या लिंपून घेणाऱ्या घरांत ती स्वतः जाऊन खिडक्या उघडून आली होती. तिच्या हातून न प्यालेलं लेकरू घरी गेलं नव्हतं. त्यामुळे आज तिने डबा दिला असता तर कुणी एका शब्दाने विचारलं नसतं. नाही जमलं, एवढं म्हटलं की झालं.

तिने कपाट उघडलं. डबा हातात घेतला. थंड होता, हलका. झाकणावर गुटगुटीत बाळ हसत होतं. पुढचं सगळं तिला धड्यासारखं पाठ होतं: नूतन वसाहतीतल्या दोन खोल्या, नळाला दिवसाआड पाणी, पिंपात साठवलेलं, रबरी बोंडाची बाटली, बोंडावर बसलेली माशी, संपत आलेली पावडर पुरवायची म्हणून एक चमचा कमी. मग हिरवे जुलाब. मग टाळूला खड्डा. ही म्हातारी मांडीवर घेऊन बसेल आणि मांडीवरचं ते वजन गार होत जाईल, हळूहळू, पायांच्या बोटांपासून वर. नंदाने हे सगळं डोळे उघडे ठेवून पाहिलं. तिला भीती वाटली नाही. उलट खूप दिवसांनी पोटभर जेवल्यासारखं वाटलं. आणि त्या तृप्तीच्या मागोमाग, बोलावल्याशिवाय, ती भिंत आली.

शेणाने सारवलेली, खाटेच्या उशापासली भिंत. चांगुणाला मुलगी झाली तेव्हा छातीत जे पहिलं आलं ते पिवळं होतं, हळदीचा हात लागल्यासारखं, घट्ट. चीक. "चीक बाधतो लेकराला," गोजरबाई म्हणाली होती, "उतरू दे आधी. पांढरं आलं की पाज." आणि स्वतःच्या हाताने, दुखू नये म्हणून तेल लावून, अगदी मायेने, तिने तो चीक पिळून काढला आणि भिंतीवर शिंपडला. खाली सांडला तर पायदळी येतो, म्हणून भिंतीवर. तसा नेम होता घरात. लेकराच्या तोंडात गुळाच्या पाण्यात बुडवलेली चिंधी. गुळाचं पाणी, एरंडेल, पुन्हा गुळाचं पाणी. लेकरू चिंधी चोखायचं आणि तोंड उघडून शोधायचं, मान इकडून तिकडे, इकडून तिकडे. त्याच आठवड्यात गोठ्यातली मोरी गाय व्याली होती. तिचा चीक मात्र सोन्यासारखा जपून काढला गेला, गूळ-वेलदोडा घालून त्याचा खरवस झाला, वड्या पडल्या, गल्लीत वाटल्या गेल्या, एक वडी बाळंतिणीच्या ताटातही आली. चांगुणाने ती खाल्ली. गायीचा चीक माणसांनी खाल्ला. आणि भिंतीला मुंग्या लागल्या. काळ्या बारीक मुंग्या, कोपऱ्यातून उशापर्यंत रांग. लेकीच्या तोंडचं त्यांनी सगळं नेलं, एक कण ठेवला नाही. चांगुणा पडल्या पडल्या ती रांग बघायची आणि तिला वाटायचं, नेम आहे म्हणजे बरोबरच असेल. हे तिला वाटलं होतं, हे ती कधी विसरली नव्हती. पण त्याचा हिशेब तिने स्वतःच्या नावावर कधी मांडला नाही. अठरा वर्षांच्या बिनआईच्या पोरीला जे वाटतं ते तिला शिकवलेलं असतं.

एका दुपारी, खळ्यावर तुरीची मळणी चाललेली असताना, गोजरबाई ओसरीवरून आत आली आणि म्हणाली, "गेली गं. झोपंतच गेली. देवानं नेली." पाचवी पुजायची राहिली होती. पाचवीला सटवाई येते आणि लेकराच्या कपाळावर त्याचं नशीब लिहून जाते, हे गोजरबाईनेच सांगितलं होतं. त्यासाठी कोरा कागद अन् लेखणीही आणून ठेवली होती. म्हणजे सटवाई आलीच नव्हती. कपाळावर एक अक्षर पडलं नव्हतं. मग देवाने कोणत्या लिखितावरून नेली? हा प्रश्न चांगुणाला त्या दुपारी पडला नाही. तो पडला पुढे टेंभुर्णीत, छाती करकचून बांधलेल्या लुगड्याच्या पट्टीखाली जेव्हा पांढरंशुभ्र दूध उतरलं आणि पट्टी भिजून, वाळून, पुन्हा भिजून पापडासारखी झाली. 'चार दिवस माहेरी राहून ये' म्हणून तिला धाडलं होतं. न्यायला कुणी आलं नाही. नवऱ्याचं, भुजंगचं, दुसरं लग्न लागल्याचं आठवडी बाजारात आलेल्या एका बांगड्यावालीकडून कळलं. चुलतीने घरातून काढायच्या आधी तिने स्वतःच जालन्याची वाट धरली, नर्सबाईचं शिकली, आणि शिकताना एके दिवशी फळ्यासमोर बसून ऐकलं की चीक म्हणजे लेकराची पहिली लस. वर्गात सगळ्या लिहून घेत होत्या. तिने लिहिलं नाही. तिच्या डोळ्यांपुढे मुंग्यांची रांग होती.

डबा अजून हातात होता. आणि आता तिला कळलं की हा डबा पुरेसा नाही. लेकरू गेलं तर ही म्हातारी पदर तोंडाला लावून म्हणेल, देवानं नेलं. पुन्हा देवाच्या नावावर खपवेल. रडेल, ओवी म्हणेल, चार बाया जमतील आणि तिला पाणी पाजतील. तिला कधीच कळणार नाही की हे कुणी केलं आणि कशाबद्दल. असला सूड म्हणजे आंधळ्यापुढे दिवा. नाही. या वेळी देवाला मध्ये घ्यायचं नव्हतं. लेकराने जगायचं होतं. चीक प्यायचा होता, थेंबन् थेंब, आणि या बाईने समोर बसून तो आत जाताना बघायचा होता. घुटका गळ्याखाली उतरतो तो आवाज ऐकायचा होता. आणि चौदा वर्षांपूर्वी भिंतीवर काय गेलं ते तिच्या ध्यानात यायला हवं होतं, अशा ठिकाणी, जिथून उठून जाता येत नाही. नंदाने डबा परत फळीवर ठेवला आणि कपाट लावलं.

"आजी, तुम्ही स्टूल पुढे घ्या. असं, हिच्या समोर. उठायचं नाही."

तिने दहा सीसीची प्लास्टिकची नवी सिरिंज फोडली. सुई बसते ते टोक ब्लेडने कापून टाकलं, दट्ट्या काढून कापलेल्या बाजूने आत घातला, आणि नळीची गुळगुळीत कड वर आली. ब्लेड हातात असताना तिने एकदा गोजरबाईच्या गळ्याकडे पाहिलं. गळ्यात काळी पोत होती, शिरा तटतटलेल्या. गोजरबाईही ब्लेडकडेच बघत होती, पण तिचा चेहरा हलला नाही. नंदाने ब्लेड कागदात गुंडाळून टाकलं. "घाबरू नको," ती ताराला म्हणाली, "हे सुई टोचायला नाहीये. आत बसलेलं बोंड याने वर येतं. दुखलं तर सांग, मी थांबेन." गरम पाण्यात फडकं पिळून तिने छाती शेकली, बोटांच्या पोटाने काखेकडून पुढे, पुढे, जात्याच्या पाळूवरून हात फिरवावा तसा गोल. दगड हळूहळू मऊ पडला. मग नळी लावून दट्ट्या अलगद ओढला, धरला, सोडला. पुन्हा ओढला. तारा ओठ चावून छताकडे बघत होती. बाहेर कडूबा कुणाला तरी सांगत होता, "सिस्टरचा हात हलका हाय, पर नजर लई जड. सुईपेक्षा नजरच टोचती."

बोंड वर आलं. आणि त्याच्या टोकावर एक थेंब फुगला, पिवळा, जड, खाली पडायला तयार नसलेला. चीक. गोजरबाईने मान वळवली.

"इकडं द्या लेकरू," नंदा म्हणाली. तिने दुपटं सोडून पोरीला उघडं केलं, तळव्यांना टिचकी मारली, कानामागे ओलं बोट फिरवलं. पोरगी कुरकुरली. तिला तशीच उघडी ताराच्या पोटाशी लावली, वर पदर पांघरला. "तू तिच्याकडे वाकू नको. तिला तुझ्याकडे आण. नाक मोकळं, हनुवटी टेकलेली. ओठाला नुसतं टेकव आणि वाट बघ. तोंड जांभईएवढं उघडलं की मगच." थेंब पोरीच्या ओठाला लागला. जीभ बाहेर आली, थेंब गेला. तोंड उघडलं, पण पुरतं नाही. सुटलं. पुन्हा. पुन्हा सुटलं. तारा रडकुंडीला आली, "माझ्यानं नाही होणार, सिस्टर." "होतंय. तू फक्त खांदे खाली सोड." आणि मग तोंड आ झालं, नंदाने मानेमागून अलगद पुढे लोटलं, आणि पोरगी लागली. गाल भरले. जबडा कानापर्यंत हलला. एक, थांबून एक, मग सलग. खोलीत 'क्हं' असा बारीक आवाज झाला, घुटक्याचा, आणि त्याच्यामागे दुसरा. नंदाच्या अंगावर काटा आला, तो प्रत्येक वेळी यायचा तसाच. पण आज तिने बाळाकडे पाहिलं नाही. तिने गोजरबाईकडे पाहिलं. गोजरबाई बघत होती. डोळे कोरडे, तोंड किंचित उघडं, जणू तीच पीत होती.

"बाई गं," ताराचा श्वास मोकळा झाला, आणि ती बोलत सुटली. "लागली की हो. आत्याबाई, लागली. सिस्टर, तुम्हाला सांगते, काल शेजारच्या काकू मधाची वाटी घेऊन आल्या होत्या. म्हणाल्या, तीन दिवस हेच चाटवायचं, अंगावरचं पिळून टाकायचं. आत्याबाईंनी वाटी हातातून काढून मोरीत भिरकावली. काकू अजून बोलत नाहीत आमच्याशी. मी म्हटलं, अहो, रीत असेल त्यांची. तर म्हणाल्या, रीत मसणात गेली, हिच्या तोंडात आईच्या अंगावरचं सोडून काई जायचं न्हाई."

नंदाचा हात ताराच्या खांद्यावर होता. तो तिथेच राहिला. म्हणजे म्हातारी खोटं बोलली नव्हती. म्हणजे हिला ठाऊक होतं. ही शिकली होती. कुठे शिकली? हिला फळ्यासमोर कुणी बसवलं नव्हतं. ही माझ्या पोरीवर शिकली. एक लेकरू वापरून हिने धडा घेतला आणि आता तो धडा दुसरीच्या लेकराला घातला, आणि हे लेकरू तिला जन्मभर आजी म्हणेल, आणि ओवी याच्या कानात जाईल. नंदाला वाटलं, कुणीतरी तिचं घर लुटून नेलेलं सामान तिच्यादेखत दुसऱ्या घरात मांडतंय, नीट, जागच्या जागी, पुसून.

"चांगुणा," गोजरबाई म्हणाली.

ताराने दोघींकडे पाहिलं. "कोण चांगुणा?"

"ही. भुजंगाची पहिली. तुझी थोरली जाऊ, व्हती तवा." गोजरबाईने नंदावरची नजर हलवली नाही. "टेंभुर्णीच्या माणसानं सांगितल्तं, तू मोंढ्याच्या रस्त्याला शिरपती डाक्टरकडं असती म्हून. वाटंत तीन दवाखाने लागले. रिक्षावाला म्हनला, इथंच उतरा, जल्दी काम व्हईल. मी म्हनलं, न्हाई. चल पुढं."

"ओळखलं होतं तर." नंदाचा आवाज तिलाच लांबून आल्यासारखा वाटला.

"पडदा सरकायच्या आधीच. तू बाहेर बोलली तवाच. मी ती ओवी उगंच म्हनली का?"

सूड कसा खाली बसला ते नंदाला जाणवलं, पाण्यात पडलेल्या सुईसारखा, वरून दिसतो पण हाताला लागत नाही. मघापासून बिळापुढे बसलेली ती नव्हतीच. तिलाच बोलावून आणलं होतं. म्हातारीने तिचा राग जोखला होता, त्याच्यावर भरवसा ठेवला होता आणि नातीला त्याच्या हवाली केलं होतं. तिने चष्मा काढला, पुसला, घातला. "माफी मागायला आलात?"

"न्हाई. ती तू देनार न्हाईस. अन् घ्यायला मला तोंड न्हाई." गोजरबाईने पदराचा शेव बोटाला गुंडाळला, सोडला. "ज्या बाईचं लेकरू असं गेलं, तिच्या हातून दुसरं जायचं न्हाई, एवढं मला ठाऊक व्हतं. म्हून आले. काम झालं. आता काय बोलायचं ते बोल."

नंदाने पोरीवरचा पदर सारखा केला. मग ती हळू आवाजात म्हणाली, "हिला सांगा."

"काय?"

"माझ्या पोरीचं काय केलं ते. मला नको, मला ठाऊक आहे. ताराला सांगा. तिचं लेकरू पितंय तोवर सांगा."

तारा म्हणाली, "राहू द्या ना, सिस्टर, आत्याबाईंचा बीपी..." पण गोजरबाईने हात वर करून तिला गप्प केलं, आणि दळणाला बसल्यासारखी पाठ ताठ करून बोलू लागली. चीक सांगितला, भिंत सांगितली, चिंधी, एरंडेल. सुराशिवाय, एका पट्टीत. नंदाला प्रत्येक शब्द पुढचा ठाऊक होता आणि ती मनात पुढे जाऊन थांबत होती, वाट बघत. 'झोपंतच गेली' येण्याची. ते आलं नाही.

"त्या दुपारी तुझा डोळा लागल्ता," गोजरबाई आता नंदाशीच बोलत होती. "पोरगी माझ्यापाशी व्हती, ओसरीवं. चिंधी धरंना. थुंकून दिली तिनं. मला तिचं तोंड बघवंना, असं उघडं. मंग मी माझीच छाती तिच्या तोंडात दिली. वाळलेली. पुंजारामाचं सुटून किती वर्षं झाली व्हती. असं ओढलं तिनं, माय, असं ओढलं, माझ्या पाठीपोतर कळ गेली. लई जोर व्हता. मी मनात म्हनलं, हिला काय व्हत न्हाई. मंग तो जोर जरा कमी झाला. मंग अजून कमी. मला कळत व्हतं. उठावं अन् तुझ्या अंगावर टाकावी असं दोनदा आलं मनात. पन अजून पिवळंच येत व्हतं तुला. नेम व्हता. मी बसून राह्यले." ती थांबली. "झोपंत न्हाई गेली. माझ्या छातीला व्हती. सोडली न्हाई तिनं."

बाहेर डॉक्टर कुणाला तरी गोळ्या समजावत होते, जेवणाआधी एक, जेवणानंतर एक. नंदा खाटेच्या लोखंडी दांड्याला धरून उभी होती. लई जोर व्हता. एवढी एकच गोष्ट आपल्या मुलीबद्दल तिला आज नव्याने कळली होती. नाव नाही, फोटो नाही, कपाळावर अक्षर नाही. आता हे होतं, तिला जोर होता, ती ओढत होती, आणि तिने सोडलं नव्हतं. हे या बाईपाशी इतकी वर्षं ठेवलेलं होतं. पाठीपोतर गेलेली ती कळ नंदाची होती, तिच्या हक्काची, आणि ती दुसरीच्या पाठीत गेली होती. तिला वाटलं होतं, म्हातारी बोलली की आतली गाठ सुटेल, बायांची सुटते तशी, शेकल्यावर. गाठ सुटली नाही. तिला फक्त कडा आल्या. आता ती हाताने चाचपता येत होती.

ताराच्या गालांवरून पाणी ओघळत होतं, पण हात लेकराखालून हलला नव्हता. पोर अजून पीत होती, डोळे मिटून, मूठ आईच्या छातीवर रोवून.

"उद्या हिला परत आणायचं," नंदा म्हणाली. "दुसरं बोंड पण वर काढावं लागेल रोज. वजन बघावं लागेल. तुम्हीच आणायचं, आजी. पुंजारामने नाही."

"आनते."

"आणि बाहेर बाकावर बसायचं नाही. इथं, या स्टुलावर."

गोजरबाईने मान हलवली. मग विचारलं, "कवर?"

"हिला दात येईस्तोवर."

म्हातारीने तिच्याकडे पाहिलं. मग ती स्टुलावर जरा मागे सरून, लांबच्या प्रवासाला एसटीत बसावं तशी, नीट बसली. तिच्या डोळ्यांत आता पाणी आलं होतं, आणि ते लपवायला तिने पदर वर नेला, तोंड भिंतीकडे वळवलं.

नंदाने दुसऱ्या बाजूचं बोंडही नळीने वर काढलं. "आता या बाजूला घे," ती ताराला म्हणाली, आणि करंगळीने पोरीचं तोंड अलगद सोडवलं. मग मान न वळवता म्हातारीला म्हणाली, "इकडं बघा."